चिठीतली शेवटची ओळ

७ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

।। श्री ।।

माझ्या मुलाला, मुकेशला, खताच्या दुकानातून मिळालेली मागच्या वर्षीची डायरी कोरीच पडली होती. रद्दीत चालली होती, मी काढून घेतली. वार खोडून नवे घातले की चालते. दूध-किराण्याची वही वेगळी आहे, ती नातसून समीक्षा अधूनमधून चाळते. ही कोणी चाळणार नाही.

आज उपास. पोथी वाचून उठले तर रजत समोर येऊन बसला. नातू एकतीस वर्षांचा झाला, पंचायत समितीत नोकरीला आहे, तरी काही मागायचं असलं की लहानपणासारखा पाटावर बसतो.

"आजी, तुले एक सांगतो. चिडू नको."

"आधी सांग."

"मी नसबंदी करून घेऊन राह्यलो."

हातातली कापसाची वात तशीच राहिली. मी म्हटलं, बायका करतात ना ते. तर म्हणाला, "समीक्षाचं पोट दोनदा फाडलं, आजी. दुसऱ्या खेपेले किती रक्त गेलं ते तू पाह्यलं. डॉक्टर म्हणते आता पोटाले हात लावू नका. आता माही बारी."

मी म्हटलं, तुझ्या आजोबांचं काय झालं ते तू पाहिलं नाहीस. ह्यांनी शहात्तर साली करून घेतली आणि पुढं वर्षभर नांगराला हात लावला नाही. कंबर गेली, ती ते वारेपर्यंत तशीच राहिली. बंडूजींचीही त्याच दिवशी झाली, त्यांची नजर गेली. ते म्हणतात साखरेनं गेली, पण साखर कशानं आली?

"वयनी, पेपर वाचता का?" ओट्यावरून बंडूजींची हाक आली, म्हणून तेवढ्यावर राहिलं.

बंडूजी माझे धाकटे दीर. वय पंचाहत्तर. दिसत नाही म्हणून पेपर मी वाचून दाखवते. जे ऐकण्यासारखं नसतं ते सोडते. समीक्षा म्हणते, "आजी, तुम्ही सोडता ते बंडूआबांना फार आवडलं असतं." रोज सकाळी त्यांना शिंका येतात. मोजून सात, पाचवी सगळ्यांत मोठी. शेजारचे म्हणतात आम्हाला घड्याळ नको. ते आमच्याच ताटाला आहेत. त्यांची बायको नलू सत्याहत्तर साली माहेरी आष्टीला गेली ती गेली. त्याबद्दल इथे लिहायचं कारण नाही.

८ नोव्हेंबर

शेतावरून मुकेशचा फोन. पोरानं बापालाही सांगितलेलं दिसतं. "माय, त्याले समजाव. माणसाचा बैल होते. गावात मी तोंड कसं दाखवू?" मी म्हटलं, तुझ्या बापाला लोक हेच म्हणत होते आणि तेव्हा तू चार-पाच वर्षांचा होतास. त्यानं फोन ठेवला. मी असं का बोलले कळलं नाही, मी तर त्याच्याच बाजूची आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

रजत दवाखान्यातून छापील कागद घेऊन आला. दोन्ही बाजूंनी सूचना. "आजी मॅट्रिक हाय, आजीच वाचन," म्हणत माझ्या हातात दिला. हेच शब्द पूर्वी कोणीतरी असेच बोललं होतं.

मोठ्यानं वाचत गेले. जड उचलू नये. दोन दिवस आराम. घट्ट अंतर्वस्त्र. आणि मग: शस्त्रक्रियेनंतर तीन महिने जोडप्याने दुसरे साधन वापरावे, तपासणीत शुक्राणू नाहीत असे निघाल्यावरच...

तिथे थांबले. समीक्षा म्हणाली, "आजी लाजल्या!" आणि हसली. बंडूजीही ओट्यावरून हसले. मी म्हटलं चष्मा पुसते.

आमच्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

झालं. सकाळी दहाला गेला, साडेअकराला घरी. मित्राच्या स्कूटरवर मागं बसून आला आणि पोहे मागितले. टाका नाही, एक बारीकसं छिद्र. मी डिंकाचे लाडू केले होते. म्हणाला, "आजी, बाळंतपण नोय हे." तरी चार खाल्ले.

बंडूजी त्याला जवळ बसवून सांगत होते. "आमच्या वक्ताले शाळेचे बाक जोडले होते बापा. आणीबाणी होती, ट्रक भरून माणसं नेली, लेकरू हाय का नाई कोनी इचारलं नाई. दोन्ही बाजूनं चिरा, आतली नस कापाची, दोऱ्यानं बांधाची, वरतून टाके. बोंडं वेचल्यावानी वेचत होता डॉक्टर, एक झाला का दुसरा. लंगोट बांधला आन् म्हणे चाला घरी. जाताना एकेक बादली देल्ली. दादा त्या बादलीले कधी हात नाई लावला. मी तं तिसऱ्या दिवशी सायकल काढली."

"काकूआजी काही म्हणाल्या नाहीत?" समीक्षानं विचारलं. पोरगी चांगली आहे, पण विचारू नये ते विचारते.

बंडूजी म्हणाले, "ते लय हसली." आणि मग, "पेपर राह्यला का आज?"

मी पेपर घेतला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आत्ताच टांगलेल्या नव्या सालच्या कॅलेंडरवर २५ फेब्रुवारीला गोल केला आहे. रजतला म्हटलं, तीन महिने कशाला? नस कापली की कापली.

त्यानं मला सिंकजवळ नेलं. "आजी, वर टाकीचा कॉक बंद केला. आता हा नळ सोड." सोडला. पाणी येतच होतं. "कॉकच्या खालच्या पाइपात जे आधीचं हाय, ते सरेपर्यंत येईनच नं. तसंच हाय हे. म्हणून तीन महिने. त्यात दिवस राहू शकते."

पाणी बराच वेळ येत राहिलं. मग बारीक झालं. मग थेंब थेंब. मी म्हटलं, पाणी वाया घालवू नको.

रात्री पोथीत लक्ष लागलं नाही. एक ओळ तीनदा वाचली.

नलूला दिवस गेले ते ऑपरेशननंतर. घरात दोघा भावांचं ऑपरेशन एका दिवशी, एका डॉक्टरच्या हातचं. मला काही झालं नाही आणि तिला झालं. ह्यावरून सगळ्यांनी ठरवलं, मूल बंडूजींचं नाही. मला काही होणार कसं? सासूबाईंनी सांगितलं होतं, सहा महिने नवऱ्याजवळ जायचं नाही, कापलेल्या जागेतून ताकद गळते, मणका सुकतो. मी ते व्रतासारखं पाळलं. ह्यांनीही पाळलं. सहा महिने झाले तरी ह्यांनी पाळलं. गावातल्या लोकांचं बोलणं ह्यांच्या मनात बसलं होतं. मी पंचविशीची होते. पुढची चाळीस वर्षं आमच्या खाटा वेगळ्याच राहिल्या. मी कोणाला सांगितलं नाही, इथे लिहिते.

नलूनं काही पाळलं नाही. मधल्या कुडापलीकडून दोघांचं हसणं ऐकू यायचं. सासूबाई खोकायच्या तरी थांबायचं नाही. मी जपमाळ घेऊन पडून राहायचे.

१ डिसेंबर, रविवार

सगळे लग्नाला गेले. बंडूजी देवळात. ट्रंक काढली. देवघराची वही तळाशी, पिवळ्या फडक्यात.

गावच्या घरी आम्ही दोघी जावा, सासूबाई, एक नणंद. सोवळ्याचा स्वयंपाक आणि देवपूजा कोणाकडे, ते मी वहीत लिहीत असे, कारण मीच लिहू शकत होते. जी बाहेर बसेल तिच्या नावापुढं फुली. चार दिवस फुल्या, मग बरोबरची खूण. देवाच्या कामात चूक नको म्हणून. एकही दिवस चुकला नाही.

१२ डिसेंबर १९७६, रविवार: शिबिर. ६ जानेवारी १९७७: नलू, फुली. ७, ८, ९ फुली. फेब्रुवारीत नाही. मार्चमध्ये नाही.

सासूबाई म्हणाल्या होत्या, आधीचंच असन, ऑपरेशनच्या आधीचं. मिटत होतं. वही मीच आणली. मला वाटलं देवघराच्या वहीत जे आहे ते झाकणं पाप. मी सहा जानेवारीची फुली दाखवली. म्हणजे आधीचं नाही.

बंडूजींनी मला विचारलं, "वयनी, हे खरं हाय?"

मी म्हटलं, "देवघराच्या वहीत मी खोटं लिहीत नाही."

खोटं नव्हतंच. आजही पाहिलं, नव्हतंच. पण सहा जानेवारीची फुली तेव्हाच सांगत होती की तिला दिवस राहिले ते वीसेक तारखेला. ऑपरेशनला एकोणचाळीस दिवस. तीन महिने नाही, दीडसुद्धा नाही.

वहीच्या शेवटच्या पानाला टाचणीनं चिठी लावलेली आहे. शिबिरात मिळालेली, बंडूजींच्या नावाची. टाचणी गंजून कागदात बसली आहे. मी उघडली नाही. घडी पडलेली होती, तेव्हाही खालचा भाग घडीत गेला असावा.

५ डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. बंडूजींना पुरणपोळी आवडते म्हणून दोन जास्त केल्या. साखर आहे हे माहीत असून केल्या.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज बरोबर अठ्ठेचाळीस वर्षं.

आरती झाल्यावर देवासमोर बसून ठरवलं की इथे तरी खरं लिहायचं. आधी जे लिहिलं, घडी पडली होती, कोणी सांगितलं नव्हतं, ते खोडत नाही. राहू दे.

चिठी मी वाचली होती. सगळी.

शिबिरातून ट्रक आला त्या संध्याकाळी बंडूजींनी चिठी नलूच्या हातात दिली, "वयनी मॅट्रिक हाय, त्याच वाचतीन." नलूला अक्षर येत नव्हतं. ती न्हाणीजवळ माझ्याकडे आली, पदरात शेंगा, एक मला सोलून दिली. "बाई, वाचा नं. काय लिवलं हाय?"

मी वाचलं. सात दिवस सायकल, नांगर, ओझे नको. टाक्याला पाणी लागू देऊ नये. लंगोट सैल करू नये. आणि चौथी ओळ: शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध वापरावा, या मुदतीत गर्भ राहू शकतो.

हे मला मोठ्यानं वाचता येईना. सासूबाई चुलीजवळ होत्या. असले शब्द आमच्या घरात कोणी उच्चारले नव्हते. मनात म्हटलं, सहा महिने तर कोणी जवळ जाणारच नाही, मग काय अडलं?

नलूनं बोट ठेवलं. "आन् खाली हे काय हाय?"

मी म्हटलं, "काही नाही. डॉक्टरची सही."

तिनं मान हलवली. शेंगा दिल्या, चिठी माझ्याकडेच ठेवली आणि गेली.

हे लाजेनं झालं. पण मार्चमध्ये, ज्या दिवशी मी वही दाखवली, त्या दिवशी सकाळी शेवया वळत असताना मला ती ओळ आठवली होती. एकदाच. मी परातीकडे पाहिलं आणि वळत राहिले. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. कुडापलीकडं त्या रात्रीपासून हसणं बंद झालं, तेव्हा मला झोप चांगली लागली होती. एवढं आठवतं.

पोरगी आष्टीला झाली. ऑक्टोबरात. जया नाव ठेवल्याचं कानावर आलं. बंडूजी पाहायला गेले नाहीत. दुसरं लग्नही केलं नाही. ताट माझ्याकडं आलं.

२१ डिसेंबर

नऊ दिवस झाले. रोज पेपर वाचताना आज सांगू म्हणते. आज हवामान वाचलं, तुरीचा भाव वाचला, एका म्हाताऱ्याच्या सत्काराची बातमी वाचली. बंडूजी म्हणाले, "वयनी, तुमी आजकाल काई सोडून नाई राह्यल्या. काय झालं?"

मी म्हटलं, चष्मा बदलला.

सांगितलं तर ते माझ्या हातचं जेवतील का? आमच्या पिढीतलं आता दुसरं कोण आहे? मुकेशला शेत, रजतला संसार. संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघंच असतो. न सांगता ते गेले तर? त्यांना तर हेच वाटत राहील की बायको तशी होती. आपल्याला मूल नाही.

पोथीतल्या महाराजांना कौल मागितला. दोन चिठ्ठ्या टाकून उचलणार होते, मग ठेवल्या. ही गोष्ट चिठ्ठ्यांवर सोडायची नाही.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

सांगितलं.

सकाळी सात शिंका झाल्या. चहा झाला. मी पेपर घेतला नाही. वही घेतली. म्हटलं, "भाऊजी, आज दुसरं काही वाचते. मध्ये बोलू नका."

"वाचा."

टाचणी निघेना, तशीच वाकवून चिठी उघडली. वाचली. त्यांचं नाव, शिबिराची तारीख, एक, दोन, तीन आणि चौथी ओळ. नीट वाचली. मग ६ जानेवारीची फुली वाचली. मग रजतच्या नळाचं सांगितलं. मग सहीचं सांगितलं. सगळं सांगितलं, शेवयांचं सोडून. मग तेही सांगितलं.

त्यांनी तोंड रस्त्याकडे केलं. दिसत तर नाही.

"वयनी, ते खालची ओळ आखीन एक खेप वाचा."

वाचली.

"आखीन."

तीनदा वाचून घेतली. मग हात पुढं केला. मी चिठी दिली. त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला, जणू अक्षरं उठलेली असतील.

"नलू मले रोज सांगे," म्हणाले. "देवाची आन घेऊन सांगे. मी म्हनलं वही का खोटी बोलन?"

मी रडले. त्यांनी थांब म्हटलं नाही, रड म्हटलं नाही. दुपारी मी ताट नेलं तर म्हणाले, "ठेवा." पाच वाजेपर्यंत ते तसंच होतं. समीक्षा शाळेतून शिकवून आल्यावर त्यांनी हाक मारली, "समीक्षा, माय, मले तू वाढजो."

ताट उचलून आणलं. भाकरी गायीला घातली.

५ जानेवारी, रविवार

रजत त्यांना गाडीनं आष्टीला घेऊन गेला. निघताना मी चप्पल घातली तर म्हणाले, "तुमी नका येऊ." वही मागितली नाही, चिठी मात्र खिशात होती.

संध्याकाळी सातला परत आले. बंडूजी सरळ खोलीत गेले. रजतनं सांगितलं तसं लिहिते.

नलूचं घर बाजाराच्या मागं. पुढच्या खोलीत जयाचं शिलाईचं दुकान. नलूनं बंडूजींना ओळखलं, पाणी दिलं, खुर्ची दिली. बंडूजींनी सांगायला सुरुवात केली तेव्हा ती गव्हातले खडे काढत होती, काढतच राहिली. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "मले काऊन सांगता? मले तं माहीतच होतं. हे तुमाले माहीत नव्हतं."

बंडूजींनी चिठी पुढं केली. तिनं घेतली नाही. "जिनं वाचली नाई तिले पाठवा," म्हणाली. चहा केला. चहा झाल्यावर म्हणाली, "आता अंधार पडन. निंगा."

मी विचारलं, आणि पोरगी?

रजत हसला, मग डोळे पुसले. "आजी, आमी बसलो होतो तं तिले शिंका आल्या. मी मोजल्या. सात. पाचवीले मशीनवरचं कापड उडलं. बंडूआबा खुर्ची धरून उभे झाले."



१५ जानेवारी

संक्रांत झाली. आष्टीला जायचं आहे पण गुडघे सुजले आहेत. थंडी ओसरली की जाईन. जयानं रजतकडून नंबर घेतला आहे, रविवारी फोन करते. बंडूजी फोन उलटा धरतात, समीक्षा सरळ करून देते. बोलत काही नाहीत, ऐकतात. परवा म्हणाले, "हो. जेवलो." एवढंच.

पेपर आता समीक्षा वाचते. जोरात वाचते, सगळं वाचते. मी आत डाळ निवडत ऐकते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रजतची तपासणी झाली. काही नाही निघालं, म्हणजे चांगलं. तीन महिने मी दोघांच्या मागं लागून होते, लाज सोडून विचारायचे, साधन वापरता ना? समीक्षा म्हणायची, "आजी, तुम्ही तर दवाखान्याच्या आशाताईंपेक्षा भारी." आज तिनं कॅलेंडरवरचा गोल पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमचे गुडघे कसे आहेत, आजी?"

सुजलेले नाहीत. कधीचेच नाहीत.

बंडूजींच्या खोलीत गेले. जानेवारीनंतर पहिल्यांदा उंबरठा ओलांडला. म्हटलं, भाऊजी, चिठी द्या. आष्टीला जाते.

त्यांनी खिशातून काढून दिली. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली होती.

२ मार्च, रविवार

सकाळची बस, आर्वीला बदलून. वही पिशवीत, चिठी कनवटीला. सोबत काही नेलं नाही. आधी लाडू करणार होते, मग वाटलं कुठल्या तोंडानं.

दुकानाला पडदा होता. आत मशीन चालू. जया उठून उभी राहिली, मी कोण ते तिला कळलं, तरी वाकून नमस्कार केला. भुवया बंडूजींच्या. मी कधी पाहिलं नव्हतं तिला, सत्तेचाळीस वर्षांची झाली आणि मी कधी पाहिलं नव्हतं.

नलू आतून आली. केस पांढरे, चष्मा, हाताला पीठ. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण चाल ताठ.

"या बाई. पाय धुवा."

पाय धुतले. बसले. जयाला म्हणाली, "तू बी बस. मशीन बंद कर."

मी बोलायला लागले. लाज, सासूबाई, चूल. नलूनं हात वर केला.

"ते राहू द्या. वाचा."

मी चष्मा लावला, चिठी उघडली. एक वाचली. दोन वाचली. तिसरीवर अडखळले, ओळ धरता येईना. नलूनं पिठाचे हात पदराला पुसले.

"द्या इकडं. मले येते आता. जयी शाळेत जाये तवा तिच्या पाटीवर शिकलो मी. तिनं म्हनलं नाव लिव, मी म्हनलं नाव मांगून, आधी मले जोडाक्षर शिकव, मले एक चिठी वाचाची हाय."

तिनं कागद मांडीवर पसरला. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचलं. शस्त्रक्रियेनंतर. तीन. महिने. पुढचा शब्द जया वाचेपर्यंत थांबली नाही, स्वतःच लावला, लाजली नाही. या मुदतीत. गर्भ. राहू. शकतो.

बोट तिथंच राहिलं. जया भिंतीकडं पाहत होती. बाहेर बाजार उठत होता, कोणी टोपल्या आपटत होतं.

"मी तवाच म्हनलं," नलू म्हणाली. ओरडली नाही, हळू बोलली. "रस्त्यानं चालता चालता, न्हाता न्हाता म्हनलं, अठ्ठेचाळीस वर्सं. येवढी लांबट सही कोनाची असते का वो बाई?"

 माफी हा शब्द घरून घोकून नेला होता.

तिनं बोट खाली सरकवलं. कागदाच्या अगदी कोपऱ्यात, शाई उडालेली, मुंगीएवढी एक खूण होती.

"सही तं हे हाय. पाहा."

मी वाकून पाहिलं. इतक्या वर्षांत मी ती पाहिलीच नव्हती.

नलूनं चिठी घडी करून जयाच्या हातात दिली. जयानं ती मशीनच्या खणात ठेवली आणि खण लावला. मी परत मागितली नाही. साडेतीनच्या गाडीनं निघाले.